घरगुती गॅस गीझरची सुरक्षित जोडणी : मलकापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

गेल्या दोन दशकांत विदर्भातील लहान शहरांमध्ये स्नानाचे पाणी तापविण्यासाठी गॅस गीझरचा वापर वाढला आहे. या उपकरणामुळे होणाऱ्या मृत्यूंचे कारण सर्वसाधारणपणे ‘गॅसगळती’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात अशा बहुतेक घटनांच्या मुळाशी गळती नसून बंद न्हाणीघरातील अपूर्ण ज्वलन आणि त्यातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. कारणाचे निदान चुकल्यामुळे उपायही चुकतात. नळी बदलली जाते, परंतु गीझरची जागा बदलली जात नाही. प्रस्तुत लेखात ज्वलनासाठी लागणाऱ्या हवेचा हिशेब मांडून गीझरची जागा, जोडणी, चाचणी व देखभाल यांविषयी विवेचन केले आहे.

बीजशब्द : गॅस गीझर, एलपीजी, अपूर्ण ज्वलन, कार्बन मोनॉक्साइड, वायुवीजन, न्हाणीघर.

१. प्रस्तावना

शीत प्रदेशांतील देशांत घर उबदार ठेवणे व पाणी तापविणे ही दोन्ही कामे एकाच गॅस बॉयलरकडे सोपविलेली असतात. आपल्याकडे घर तापविण्याची आवश्यकता नसल्याने बॉयलरचे स्थान गॅस गीझर या लहान उपकरणाने घेतले आहे. बुलडाणा जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग आहेत. मलकापूर हे घाटाखालील, मध्य रेल्वेच्या भुसावळ-बडनेरा मार्गावरील आणि मुंबई-कोलकाता महामार्गावरील शहर होय. येथील उन्हाळा कडक असला तरी डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचा गारठाही तितकाच बोचरा असतो. त्या दोन महिन्यांत ऊन पाण्याची निकड प्रत्येक घरात असते.

महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे तीव्र भारनियमनाची होती. सकाळच्या वेळी वीज नसणे ही ग्रामीण भागात व लहान शहरांत नित्याची बाब झाली होती. विजेवाचून चालणारा, बटण न दाबता केवळ नळ सोडताच पेटणारा आणि काही क्षणांत गरम पाणी देणारा गीझर अशा काळात लोकांना सोयीचा वाटला, यात नवल नाही. मात्र उपकरण विकत घेताना जितका विचार झाला, तितका ते कोठे बसवावे याचा झाला नाही. पाण्याची नळी जिथे आधीपासून होती तिथे, म्हणजे न्हाणीघराच्या भिंतीवरच, गीझर टांगला गेला. या एका निर्णयात पुढील धोक्याचे बीज आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) गॅस गीझरमधील ज्वलनाची प्रक्रिया सामान्य वाचकास समजेल अशा भाषेत मांडणे. (२) गळतीचा धोका व अपूर्ण ज्वलनाचा धोका यांतील भेद स्पष्ट करणे. (३) सुरक्षित जोडणीचे निकष सांगणे. (४) दुर्घटना घडल्यास करावयाच्या तातडीच्या उपायांची माहिती देणे. लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून हवेच्या गरजेचा अंदाज रसायनशास्त्राच्या प्राथमिक तत्त्वांवरून काढला आहे.

३. बंबापासून गीझरपर्यंत

महाराष्ट्रातील घरांना पाणी तापविण्याचे यंत्र नवे नाही. तांब्याचा बंब हा आपला पारंपरिक घरगुती बॉयलरच होय. मधोमध उभी नळी, तिच्यात कोळसा किंवा लाकडाचे ढलपे, सभोवती पाणी आणि वर धूर जाण्यास तोंड, अशी त्याची रचना असे. ज्या घरी बंब नव्हता तिथे परसातील चुलीवर हंडा चढे. जळणाला शेतातील पऱ्हाट्या व तुराट्या असत. तापलेले पाणी घंगाळात किंवा बादलीत घेऊन न्हाणीत नेले जाई. या पद्धतीत श्रम व धूर दोन्ही होते. तथापि तिच्यात दोन गुण अंगभूत होते. पहिला म्हणजे अग्नी अंगणात किंवा परसात असे आणि स्नान करणारी व्यक्ती न्हाणीत असे. दुसरा म्हणजे धूर डोळ्यांना झोंबे, त्यामुळे हवा कोंडली तर ती तत्काळ कळे.

गीझरने या दोन्ही गोष्टी पालटल्या. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने गॅसवर तत्काळ पाणी तापविणारे यंत्र तयार केले आणि आइसलँडमधील उष्ण कारंज्यावरून त्यास ‘गीझर’ हे नाव दिले. त्या यंत्रास धुराडे नव्हते. ज्वलनातून निघणारे वायू खोलीतच राहात. नंतरच्या काळात पाश्चात्त्य देशांत धुराडे आले, ज्वलनाची हवा बाहेरून घेऊन उच्छिष्ट वायू बाहेरच सोडणारी बंदिस्त रचना आली. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार स्नानगृहात बसवावयाचे गॅस उपकरण अशा बंदिस्त रचनेचेच असावे लागते. आपल्या बाजारात मिळणारे मिनिटास सहा लिटर पाणी देणारे अनेक लहान गीझर मात्र आजही धुराड्याविना असतात. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची मूळ त्रुटी आपल्या न्हाणीघरात अद्याप टिकून आहे.

४. गळती आणि अपूर्ण ज्वलन : दोन भिन्न धोके

घरगुती सिलिंडरमधील एलपीजी हे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. त्यास स्वतःचा वास नसल्याने मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य त्यात मिसळले जाते. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. हवेतील त्याचे प्रमाण सुमारे दोन ते साडेनऊ टक्के असता ठिणगी पडल्यास भडका उडतो. गळतीचा धोका हा प्रामुख्याने आगीचा व स्फोटाचा धोका आहे आणि वासामुळे त्याची पूर्वसूचना मिळते.

अपूर्ण ज्वलनाचा धोका याहून पूर्णतः निराळा आहे. प्रोपेनच्या एका रेणूस पूर्ण जळण्यासाठी ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. तेवढा ऑक्सिजन मिळाला तर कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू व पाण्याचे चार रेणू तयार होतात. ऑक्सिजन अपुरा पडला की कार्बनचे ज्वलन अर्ध्यावर थांबते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूस रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही व घशात खवखवत नाही. गॅसमध्ये मिसळलेले वासाचे द्रव्यही ज्योतीत जळून गेलेले असते. त्यामुळे ‘वास आला नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज येथे घातक ठरतो. नळी नवी असेल, रेग्युलेटर उत्तम असेल, गळती शून्य असेल, तरीही बंद न्हाणीघरात माणूस मरू शकतो. हा भेद प्रस्तुत लेखाचा केंद्रबिंदू आहे.

जानेवारी २०२० मध्ये मुंबईतील बोरिवली येथे एका शाळकरी मुलीचा अशा प्रकारे मृत्यू झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. मार्च २०२३ मध्ये रंगपंचमीच्या सुमारास घाटकोपर येथे एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हाही गॅस गीझरविषयीच संशय व्यक्त झाला. अंगावरचा रंग काढताना स्नान लांबते आणि गीझर अधिक वेळ चालतो, हे लक्षात घेतले म्हणजे सणाच्या दिवशीचा धोका उलगडतो. आपल्याकडे दिवाळीचे अभ्यंगस्नान, लग्नघरातील पाहुण्यांची एकापाठोपाठ होणारी स्नाने आणि बाळंतिणीची आंघोळ हे असेच प्रसंग होत. बाळ-बाळंतिणीस वारा लागू नये म्हणून झरोका फडक्याने बुजविला जातो, तेव्हा सद्हेतूनेच संकटास आमंत्रण दिले जाते. गर्भातील रक्ताचे हिमोग्लोबिन या वायूस अधिक घट्ट धरून ठेवते, म्हणून गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी.

५. हवेचा हिशेब

लहान गीझर एका मिनिटास सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवितो असे धरू. त्यासाठी मिनिटास १५० किलोकॅलरी उष्णता पाण्यात जावी लागते. उपकरणाची कार्यक्षमता ८० टक्के आणि एलपीजीचे उष्णतामूल्य किलोस सुमारे ११,००० किलोकॅलरी मानल्यास मिनिटास १७ ग्रॅम, म्हणजे तासास सुमारे एक किलो गॅस जळतो. स्वयंपाकाच्या शेगडीच्या एका बर्नरशी तुलना करता हे प्रमाण पाच ते सहा पट आहे. स्वयंपाकघराहून कितीतरी लहान असलेल्या न्हाणीघरात आपण पाच-सहा शेगड्या एकदम पेटवितो, असाच याचा अर्थ होतो.

एक किलो एलपीजी पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १२ घनमीटर हवा लागते. या हिशेबाने गीझरला मिनिटास सुमारे २०० लिटर हवा हवी. आता सहा फूट लांब, चार फूट रुंद व आठ फूट उंच अशा न्हाणीघराचा विचार करू. त्यात सुमारे ५,४०० लिटर हवा मावते. ही हवा २७ मिनिटे पुरेल असे वरवर वाटते. परंतु धोका हवा संपल्यावर सुरू होत नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरला तरी ज्योत बिघडू लागते व कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढू लागते. एवढी घट होण्यास एकूण हवेच्या सातव्या हिश्शाचा ऑक्सिजन खर्च व्हावा लागतो. पूर्णतः बंद खोलीत त्यास चार मिनिटांच्या आसपास वेळ पुरतो.

वीस लिटरची एक बादली भरण्यास या गीझरला सव्वातीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे दुसरी बादली भरत असतानाच ज्वलन बिघडण्याची अवस्था येऊ शकते. दाराखालची फट, अर्धवट उघडा झरोका यांमुळे काही हवा आत येते, म्हणून प्रत्यक्षात हा काळ कमीअधिक होतो. तथापि या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. चार माणसांच्या घरात सर्वांची स्नाने लागोपाठ होतात. पहिल्याने वापरलेली हवा दार क्षणभर उघडल्याने पूर्णपणे बदलत नाही. परिणामी सर्वाधिक धोका शेवटी स्नान करणाऱ्याला असतो. ‘आजवर काही झाले नाही’ आणि ‘आधीच्या तिघांना काही झाले नाही’ ही दोन्ही विधाने सुरक्षिततेचा पुरावा ठरू शकत नाहीत.

६. शरीरावरील परिणाम

रक्तातील हिमोग्लोबिनचे कार्य ऑक्सिजन वाहून नेणे हे आहे. कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनशी जोडली जाण्याची ओढ ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक असते. म्हणून हवेतील अल्प प्रमाणही रक्तात मोठे स्थान बळकावते. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे १,६०० भाग असल्यास सुमारे वीस मिनिटांत डोके दुखू लागते, चक्कर येते, मळमळते आणि तासाभरात मृत्यू ओढवू शकतो. हेच प्रमाण ६,४०० भागांपर्यंत गेल्यास एक-दोन मिनिटांत लक्षणे दिसतात व दहा-पंधरा मिनिटांत प्राण जाऊ शकतात.

पहिल्या लक्षणांचे स्वरूप फसवे असते. थंडीतली डोकेदुखी, रिकाम्या पोटी आलेली भोवळ, पित्ताची मळमळ असेच ते वाटते. त्यानंतर हातापायांतील बळ जाते. दार समोर असूनही कडी काढता येत नाही. काही रुग्णांना झटके येतात आणि त्यांच्यावर फिट्सचा रुग्ण म्हणून उपचार सुरू होतात. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत या अवस्थेस ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नाव दिले गेले आहे. स्नानानंतर कुटुंबातील एकाहून अधिक व्यक्तींचे डोके वारंवार दुखत असेल, तर औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी गीझर बंद करणे शहाणपणाचे होय.

७. गीझरची जागा

जोडणीचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा नियम असा की गॅस गीझर न्हाणीघरात बसवू नये. तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि केवळ गरम पाण्याची नळी आत न्यावी. मलकापूरसारख्या शहरात अद्याप बैठी घरे, मागील अंगण, परस किंवा गच्चीचा जिना उपलब्ध असतो. त्यामुळे ही व्यवस्था येथे महानगरांपेक्षा अधिक सुकर आहे. बंब जिथे होता, त्याच जागेकडे गीझरने परत जावे, असेही म्हणता येईल.

बाहेरची जागा निवडतानाही काही पथ्ये पाळावी लागतात. गीझरवर पावसाचे पाणी येऊ नये, मात्र त्याभोवती पत्र्याची बंद पेटी करू नये. वाऱ्याच्या थेट झोताने ज्योत विझते वा विस्कटते, म्हणून आडोसा असावा. गीझरच्या बरोबर वर किंवा लगत न्हाणीघराचा झरोका अथवा झोपण्याच्या खोलीची खिडकी नसावी, अन्यथा बाहेर सोडलेला वायू पुन्हा घरात येतो. सदनिकांच्या इमारतीत संडास-न्हाणीघरांसाठी ठेवलेल्या अरुंद उभ्या पोकळीत गीझर बसविण्याची प्रथा दिसते. ती वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या दृष्टीने धोक्याची आहे, कारण तप्त वायू त्या पोकळीतून वर चढून त्यांच्या झरोक्यांत शिरतो.

घरातच बसविण्यावाचून गत्यंतर नसेल, तर धुराडे असलेला किंवा बंदिस्त रचनेचा गीझर घ्यावा व त्याचे धुराडे थेट इमारतीबाहेर मोकळ्या जागी काढावे. धुराडे शक्य तितके सरळ, कमी वळणांचे व सांधे घट्ट बसविलेले असावे. ते छतावरील माळ्यात किंवा फॉल्स सीलिंगच्या वर सोडणे म्हणजे वायू घरातच सोडणे होय. अशा खोलीस कायमस्वरूपी उघडी राहणारी दोन वायुद्वारे हवीत. एक जमिनीलगत, जेथून ताजी हवा येईल व गळती झाल्यास जड एलपीजी बाहेर जाईल, आणि दुसरे छताजवळ, जेथून तप्त वायू निघून जातील. त्यांचे माप उत्पादकाच्या पुस्तिकेत दिल्याहून लहान नसावे. थंडी लागते म्हणून ती बुजविता येऊ नयेत, अशीच त्यांची बांधणी असावी.

वाफ काढण्याचा पंखा हा वायुवीजनास पर्याय आहे, असा समज आढळतो. वस्तुतः खोलीत हवा येण्याचा मार्ग नसताना असा पंखा चालविल्यास तो धुराड्यातून बाहेर जाणारा वायूच उलट आत ओढू शकतो. शिवाय वीज गेली की पंखा थांबतो व गीझर मात्र चालू राहतो.

८. जोडणीची पद्धती

उपकरणावर भारतीय मानक ब्यूरोची मुद्रा आहे की नाही हे प्रथम पाहावे. एलपीजीवरील लहान घरगुती गीझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे. ज्योत विझल्यास गॅस बंद करणारी योजना, ठरावीक मिनिटांनंतर आपोआप बंद होण्याची योजना आणि ऑक्सिजन कमी झाल्यास गॅस तोडणारा संवेदक यांपैकी कोणत्या सोयी त्यात आहेत, हे विक्रेत्यास विचारून घ्यावे. या सोयी असल्या तरी त्यांच्या भरवशावर गीझर न्हाणीघरात बसविणे योग्य नाही.

सिलिंडर उभा, सपाट जमिनीवर, हवेशीर जागी आणि गीझरच्या खालच्या पातळीवर पण ज्योतीपासून दूर ठेवावा. तळघर, खड्डा किंवा बंद कपाट येथे तो ठेवू नये. घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबाने गॅस देतो व गीझरचे उपकरण त्या दाबासाठीच तयार केलेले असते, म्हणून जास्त दाबाचा व्यावसायिक रेग्युलेटर जोडणे टाळावे. नळी मानकमुद्रित सुरक्षा नळीच असावी. तिची लांबी दीड मीटरहून अधिक नसावी व दर पाच वर्षांनी ती बदलावी. अंतर जास्त असल्यास भिंतीवर पक्की बसविलेली धातूची नळी वापरावी व मध्ये सहज हाती येईल अशी बंद करण्याची कळ ठेवावी. रबरी नळी भिंतीतून आरपार नेणे, फरशीखाली दडविणे किंवा शेगडीच्या नळीला स्वतःच्या मताने फाटा जोडणे हे प्रकार वर्ज्य होत. शेगडी व गीझर एकाच सिलिंडरवर चालवावयाचे असल्यास गॅस वितरकाच्या तंत्रज्ञाकडूनच ती रचना करून घ्यावी.

पाण्याच्या बाजूचाही विचार आवश्यक आहे. हा गीझर पाण्याच्या प्रवाहाने पेटतो. टाकीतील पाण्याची पातळी गीझरपेक्षा जितकी उंच, तितका दाब अधिक. दहा मीटर उंचीस चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब मिळतो. बैठ्या घराच्या छतावर ठेवलेल्या टाकीचा दाब पुष्कळदा अपुरा पडतो व गीझर पेटत नाही किंवा मध्येच विझतो. अशा वेळी टाकी उंच चौथऱ्यावर बसवावी किंवा कमी दाबावर चालणारे उपकरण निवडावे. दुरुस्ती करणाऱ्याने संवेदक निकामी करून गीझर ‘चालू करून देणे’ हा उपाय नव्हे, ते संकट होय.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा बुलडाणा, अकोला व अमरावती या जिल्ह्यांत पसरलेला आहे. या परिसरातील कूपनलिकांच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण अधिक असल्यास गीझरच्या तांब्याच्या नळ्यांत खर जमते, प्रवाह घटतो व उपकरण अतितप्त होते. त्यामुळे पाण्याच्या मार्गात जाळी बसवावी, आणि क्षार काढण्याचे काम वर्षातून एकदा जाणकाराकडून करून घ्यावे.

९. चाचणी व देखभाल

जोडणी पूर्ण झाल्यावर कारागिरास लगेच निरोप देऊ नये. प्रथम सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. पेटती काडी धरून गळती तपासणे सर्वथा टाळावे. गळती नसल्याची खात्री झाल्यावर गीझर सुरू करून ज्योतीचे निरीक्षण करावे. ज्योत निळी, स्थिर व आवाज न करणारी असावी. पिवळी, लांबट, काजळी धरणारी ज्योत हे अपूर्ण ज्वलनाचे लक्षण होय. मात्र निळी ज्योत ही पूर्ण सुरक्षिततेची हमी नाही, हेही लक्षात ठेवावे. धुराड्याच्या गीझरमध्ये दहा मिनिटांनंतर वरच्या झाकणाच्या कडेशी उदबत्तीचा धूर धरून पाहावा. तो धुराड्याकडे ओढला गेला पाहिजे. खोलीकडे फिरल्यास ते धुराडे वायू बाहेर नेत नाही, असे समजावे व गीझर वापरू नये.

हिवाळा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आधी, वार्षिक तपासणी करून घ्यावी. आठ महिने बंद असलेल्या गीझरच्या बर्नरमध्ये कोळ्याची जाळी, धूळ व किडे साचतात, धुराड्यात पाखरांची घरटी आढळतात. तापक जाळीच्या पात्यांत साचलेली काजळी वायूंचा मार्ग अडविते व कार्बन मोनॉक्साइड वाढविते. तपासणीच्या वेळी या तिन्ही गोष्टी स्वच्छ करणे अगत्याचे आहे.

बाजारात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे बॅटरीवरील यंत्र उपलब्ध आहे. ते घेताना एलपीजी गळतीसूचक यंत्राशी त्याची गल्लत करू नये. गळतीसूचक यंत्र जमिनीलगत बसवितात, तर कार्बन मोनॉक्साइड हवेहून किंचित हलका असल्याने त्याचे यंत्र श्वासाच्या उंचीवर व वाफेपासून दूर, म्हणजे न्हाणीघराच्या लगतच्या खोलीत बसवावे.

१०. दुर्घटना घडल्यास

न्हाणीघरातून हाकेला उत्तर न आल्यास विलंब न करता दार उघडावे. याकरिता बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसविणे हा अल्पखर्चाचा मोठा उपाय आहे. आत जाणाऱ्याने दार-खिडकी सताड उघडी ठेवून श्वास रोखून जावे व बेशुद्ध व्यक्तीस प्रथम बाहेर मोकळ्या हवेत आणावे. दुसऱ्या व्यक्तीने पाण्याचा नळ व रेग्युलेटर बंद करावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा. गॅसगळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

डॉक्टरांना ‘गॅस गीझर चालू होता’ हे स्पष्टपणे सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. बोटाला लावावयाचे ऑक्सिजनमापक यंत्र या विषबाधेत फसवे आकडे दाखविते, कारण त्यास ऑक्सिजनयुक्त व कार्बन मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिनमधील फरक ओळखता येत नाही. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर येण्यास चार ते सहा तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हा अवधी तास-दीड तासावर येतो. म्हणून रुग्ण शुद्धीवर आला तरी त्यास घरीच झोपवून न ठेवता रुग्णालयात नेले पाहिजे.

११. निष्कर्ष व शिफारशी

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) गॅस गीझरमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमुख कारण गॅसगळती नसून अपूर्ण ज्वलन हे आहे. वास न येणे हे सुरक्षिततेचे लक्षण नाही.

२) लहान बंद न्हाणीघरात ज्वलन बिघडण्यास एक-दोन बादल्या पाणी तापविण्याइतका वेळही पुरेसा असतो. लागोपाठच्या स्नानांत हा धोका वाढत जातो.

३) गीझरची सुरक्षित जोडणी हा नळी व रेग्युलेटर यांच्यापेक्षाही जागेचा व हवेचा प्रश्न आहे.

४) परिसरातील घरांची रचना पाहता गीझर बाहेर बसविणे बहुसंख्य कुटुंबांना शक्य आहे व त्याचा खर्च काही फूट नळीइतकाच आहे.

या अनुषंगाने काही शिफारशी कराव्याशा वाटतात. आधीपासून न्हाणीघरात असलेले गीझर बाहेर हलवावेत. ते होईपर्यंत बादली भरून गीझर बंद करावा, दार उघडे ठेवून हवा बदलू द्यावी व त्यानंतरच स्नानास जावे. नळकाम करणाऱ्या कारागिरांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून या विषयाचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण द्यावे. बांधकाम परवानगीच्या वेळी नगरपरिषदेने गीझरची जागा नकाशात दाखविण्याची अट घालावी. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी हिवाळ्यापूर्वी घरोघरी जाऊन झरोके व धुराड्यांची पाहणी करावी. नव्याने खरेदी करणाऱ्यांनी विजेचा किंवा सौर जलतापकाचाही विचार करावा, कारण वऱ्हाडात उन्हाची वानवा नाही.

स्नान हा आपल्या दिनचर्येतील शुचितेचा व आरोग्याचा भाग आहे. त्यासाठी पेटविलेला अग्नी पूर्वजांनी न्हाणीबाहेर ठेवला होता. नवे साधन स्वीकारताना ही जुनी रीत कायम ठेवली, तर गॅस गीझर हे सोयीचे व सुरक्षित उपकरण ठरेल.